फेब्रुवारीत कोर्ट कुणाच्या ताब्यात असतं, ते विचारा

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी अकरावीत, टेनिस खेळते, यूटीआर (टेनिसपटूची ताकद मोजणारा आकडा) आठच्या आसपास. बारावी झाली की अमेरिकेत कॉलेजात खेळायला पाठवायचं चाललंय. दोन ठिकाणच्या कोचशी बोलणी बरीच पुढे गेली आहेत. एक कॉलेज न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात, सिरॅक्यूसच्या पट्ट्यात. डिव्हिजन 1, म्हणजे कॉलेज खेळांची सगळ्यात वरची पातळी, शिष्यवृत्ती साधारण 70 टक्के. दुसरं फ्लोरिडात, डिव्हिजन 2, म्हणजे त्याखालची पातळी, शिष्यवृत्ती 40 टक्के. उत्तरेतली कोच म्हणते, ‘स्नोची काळजी करू नका, आमच्याकडे इनडोअर आहे.’ ताईंना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. चार-पाच महिने बर्फ असताना पोरीचं टेनिस बुडणार नाही ना? बर्फाळ भागात कुणी यायला तयार नसतं म्हणून तिथली कॉलेजं जास्त पैसे देतात, हे खरं का? आणि कॉलेज बघायला मे महिन्यात जावं का?

तिसरा प्रश्न आधी घेतो. बाकीच्या दोघांचा गुंता त्यातच आहे.

मी मूळचा सांगलीचा. इथं अमेरिकेत शिकायला आलो तेव्हा ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून संघाबरोबर चेंडूंच्या टोपल्या उचलायला लागलो, आणि पुढे बारा हिवाळे उत्तरेतल्या, डिव्हिजन 1 मधल्या एका लहान कॉलेजात मुलींच्या संघाचा असिस्टंट कोच होतो. वर्षं न म्हणता हिवाळे म्हणतो, कारण तिकडे नोकरी तशीच मोजतात. असिस्टंट कोचचं निम्मं काम म्हणजे रिक्रूटिंग. कुठली पोरगी कुठं खेळतेय ते बघायचं, आईवडिलांशी बोलायचं, कॅम्पस दाखवायचं आणि पोरीच्या मनात आपल्या कॉलेजचं नाव पक्कं करायचं. म्हणजे ताई, ज्या बाजूने तुम्हाला फोन येतायत त्या बाजूला मी बसलेलो आहे.

त्या बाजूची पहिली कबुली ही, की आम्ही पाहुण्यांना ऑक्टोबरात बोलवायचो. ठरवून. मॅपलची पानं लाल-पिवळी झालेली असतात, हवेत पुण्याच्या डिसेंबरसारखा गारवा असतो, तळ्याकाठी मुलं पुस्तकं घेऊन पसरलेली असतात. कॉलेजच्या माहितीपत्रकातले निम्मे फोटो त्याच दोन आठवड्यांतले. ऑक्टोबर हुकला तर एप्रिलचा शेवट. डिसेंबर ते मार्च पाहुण्याला बोलवायचं नाही, असा कुठं लेखी नियम नव्हता. पण कॅलेंडरवर त्या चार महिन्यांत कुणी कुणाचं नाव लिहीत नसे.

मे तर त्याहून गोड. बर्फ गेलेला, लायलक फुललेला, सगळं हिरवंगार. आणि एक अडचण अशी, की बऱ्याच कॉलेजांचं सेमिस्टर मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात संपतं. तुम्ही पोचाल तोवर संघातल्या मुली घरी गेलेल्या असतील. रिकामं कॅम्पस, हसरी कोच आणि छान ऊन. एवढं बघून चार वर्षांचा निर्णय घ्यायचा म्हणजे माघात मोहोर बघून आंब्याची पेटी घेण्यासारखं आहे.

दोन पोरींचं सांगतो. एक टेक्सासहून आलेली, ऑक्टोबरात. शनिवारी फुटबॉलची मॅच, रात्री संघाबरोबर पिझ्झा, रविवारी तळ्याकाठी फेरी. सोमवारी तिने होकार कळवला. पुढच्या ऑगस्टमध्ये आली, नोव्हेंबरपर्यंत उत्तम. जानेवारीत सुट्टीवरून परतली आणि तिचा चेहराच बदलला. सरावाला यायची, पण मुकाट. मार्चमध्ये माझ्याकडे येऊन म्हणाली, ‘तुम्ही खोटं काही बोलला नाहीत, पण हे दाखवलंही नाहीत.’ वर्षअखेरीस ट्रान्सफर घेऊन गेली. तिची काही चूक नव्हती. आमचीच होती, आणि आम्ही ती ‘तिला ॲडजस्ट होता आलं नाही’ अशा शब्दांत नोंदवून मोकळे झालो.

दुसरी कॅलिफोर्नियाची. तिला दुसरी तारीखच जमत नव्हती म्हणून नाइलाजाने फेब्रुवारीत बोलावली. विमान सहा तास उशिरा. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाच्या सरावाला निघालो तर मोटेलच्या पार्किंगमध्ये संघाची व्हॅन अर्ध्या चाकापर्यंत रुतलेली. चाकं नुसती जागच्या जागी फिरत होती आणि मागे काळा चिखल-बर्फ उडत होता. मी चालकाच्या जागेवर, मुली मागून ढकलतायत, आणि पाहुणी मुलगी आतच बसून राहील असं मला वाटलं होतं. ती उतरली. पायात टेनिसचेच बूट. कुणीतरी डिकीतून मांजराची वाळू काढून चाकाखाली टाकली (इकडे बरेच लोक हिवाळ्यात ती पिशवी गाडीत ठेवतात, मांजर असो-नसो), आणि व्हॅन सुटली. तिच्या एका हातातला मोजा तिथंच बर्फात राहिला. ती चार वर्षं राहिली, शेवटच्या वर्षी कॅप्टन होती. त्यानंतर मी आमच्या मुख्य कोचशी भांडून दरवर्षी दोन-तीन भेटी तरी फेब्रुवारीत ठेवायला लागलो. होकार कमी यायला लागले. पण जे आले ते टिकले.

हा खेळ आमच्यासारख्या लहान कॉलेजांचाच आहे असं समजू नका. अमेरिकन फुटबॉलमध्ये, जिथं पैसा अफाट आहे, तिथं हीच दुखणी मोठ्या आकारात दिसतात. खेळाडूंच्या कॉलेजला होकार देणाऱ्या सह्या पूर्वी फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी व्हायच्या. म्हणजे ऐन निर्णयाच्या जानेवारीत मिशिगन-विस्कॉन्सिनवाले पाहुण्याला गोठलेलं गाव दाखवणार आणि फ्लोरिडावाले समुद्र. 2017 मध्ये फुटबॉलसाठी डिसेंबरमध्ये सही करायची सोय झाली आणि एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने, अकरावीच्या वर्षी एप्रिल ते जून अधिकृत भेटींना परवानगी दिली. उत्तरेतल्या कॉलेजांनी ती सोय दोन्ही हातांनी घेतली. आता त्यांचे पाहुणे जूनमध्ये येतात. त्याच्या आदल्या वर्षी, 2016 मध्ये, मिशिगनचे कोच जिम हार्बॉ वसंत सुट्टीत अख्खा संघ घेऊन फ्लोरिडातल्या ब्रेडन्टनला सरावाला गेले होते. उन्हात सराव आणि सोबत तिथल्या शाळकरी खेळाडूंच्या नजरेत भरणं, एका दगडात दोन पक्षी. दक्षिणेतले कोच भडकले आणि पुढच्या वर्षी नियम बदलून असे दौरे बंद झाले. सांगायचं इतकंच, की खेळाडूने कधी बघायचं, काय बघायचं, यावर बर्फाचा परिणाम सगळ्यात जास्त होतो. कोण चांगलं खेळेल यावर तितका होत नाही.

‘तितका’ म्हणालो, कारण ते खेळावर अवलंबून आहे. बेसबॉलमध्ये बर्फ खरोखर मारक आहे. डिव्हिजन 1 चा हंगाम फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होतो, तेव्हा उत्तरेतली मैदानं गाडलेली असतात. हे संघ पहिले कित्येक आठवडे दक्षिणेतच, दुसऱ्यांच्या मैदानांवर खेळत फिरतात. ओहायो स्टेटने 1966 मध्ये कॉलेज वर्ल्ड सीरिज, म्हणजे कॉलेज बेसबॉलची अंतिम स्पर्धा, जिंकली, त्यानंतर त्यांच्या बिग टेन या कॉलेज-गटाच्या जुन्या मध्यपश्चिमी कॉलेजांपैकी कुणालाही ती जिंकता आलेली नाही. मिशिगन 2019 मध्ये अंतिम फेरीत जाऊन हरलं. चांगला पिचर (चेंडू टाकणारा) असेल तर तो उत्तरेचा असूनही दक्षिण गाठतो. उलट आइस हॉकी आणि स्कीइंगमध्ये बर्फ हेच भांडवल. ॲथलेटिक्समध्ये तर थंडीने स्वतंत्र इनडोअर हंगामच उभा केलाय, 400 मीटरऐवजी 200 मीटरच्या ट्रॅकवर. आपला तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेटचा. 2018 आणि 2022 मध्ये उंच उडीत एनसीएए विजेता. कॅन्ससचा हिवाळा काही गोवा नव्हे.

टेनिस या दोन टोकांच्या मधे येतं. छप्पर असलं की टेनिस जगतं. इलिनॉय विद्यापीठाच्या पुरुष संघाने 2003 मध्ये एकही सामना न हरता एनसीएए जिंकली. त्यांच्या शॅम्पेन गावाचा हिवाळा ज्याने बघितलाय त्याला त्याची किंमत कळेल. पण त्यांच्याकडे स्वतःचं, कॅम्पसवरचं, भक्कम इनडोअर सेंटर आहे. ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. ‘आमच्याकडे इनडोअर आहे’ हे वाक्य मीही शंभर वेळा म्हटलंय. ते खरं असतं, फक्त त्यातला ‘आमच्याकडे’ हा शब्द सैल असतो.

आमच्याकडे म्हणजे काय होतं, सांगतो. कॉलेजपासून अकरा मैलांवर एका खासगी क्लबचा बबल. बबल म्हणजे हवेने फुगवलेला कापडी घुमट. पंखे अखंड आत हवा ढकलत असतात, त्या दाबावर छत उभं राहतं. आत शिरताना फिरतं दार, आणि ते ढकललं की कानात हलकासा दडा बसतो, घाटात गाडी चढताना बसतो तसा. आत चार कोर्टं. क्लबचे पैसे भरणारे सभासद संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी खेळणार, त्यामुळे कॉलेजला मिळायच्या वेळा पहाटे सहा ते आठ आणि दुपारी एक ते तीन. दुपारी वर्ग असतात, म्हणजे उरली पहाट. पाचला उठायचं, साडेपाचला व्हॅन, बाहेर उणे पंधरा सेल्सिअस, आत कसंबसं पंधरा.

चार कोर्टांची भानगड वेगळीच. कॉलेज टेनिसमध्ये आधी तीन दुहेरी एकाच वेळी, मग सहा एकेरी. तिन्ही दुहेरींचा मिळून एक गुण आणि एकेरींचे सहा, असे एकूण सात गुण, चार मिळवले की सामना जिंकला. सहा कोर्टं असतील तर सहाही एकेरी एकदम सुरू होतात. चार असतील तर पाचवी आणि सहावी खेळाडू बाकावर बसून वाट बघणार, आणि बरेचदा तोवर निकाल लागलेला असतो. आता विचार करा, पहिल्या वर्षीची नवी पोरगी संघात कितव्या क्रमांकावर असते? पाचव्या-सहाव्याच. अख्खा फेब्रुवारी तिने गरम पॅन्ट घालून टाळ्या वाजवलेल्या मी पाहिल्यात.

आणि बबल कधी बसतो. एका जानेवारीत रात्री दोनला क्लबमधून फोन आला की सराव रद्द. ओला, जड बर्फ छतावर साचला, हीटरला तो वितळवता येईना, आणि कापड मधोमध खाली आलं. कुणी आत नव्हतं हे नशीब. साडेतीन आठवडे आम्ही बास्केटबॉलच्या जिममध्ये पट्ट्या चिकटवून खेळलो. मोठमोठ्यांचंही असं होतं: मिनियापोलिसच्या मेट्रोडोम स्टेडियमचं हवेवर तरंगणारं छत 12 डिसेंबर 2010 ला बर्फाने फाटून कोसळलं, ते अनेकांनी टीव्हीवर पाहिलं असेल. सिरॅक्यूस विद्यापीठाच्या डोमचं छतही 1980 पासून हवेवरच होतं. 2020 मध्ये ते काढून पक्कं बसवलं. त्या भागात वर्षाला सरासरी दहा फुटांवर बर्फ पडतो. कारण साधं आहे. कॅनडाकडून येणारा गोठलेला वारा ऑन्टॅरिओ सरोवराच्या त्या मानाने उबदार पाण्यावरून येताना वाफ उचलतो आणि काठावर येऊन ती बर्फ करून ओततो. पट्टे अरुंद असतात. एका गावात दोन फूट आणि पंधरा मैलांवर लख्ख ऊन, असंही होतं. म्हणून राज्याचा नकाशा बघून अंदाज बांधू नका. गाव बघा.

तर कोचला विचारायचं ते हे. इनडोअर कॉलेजच्या मालकीचं की भाड्याचं? कोर्टं किती? छत पक्कं की बबल? जानेवारी-फेब्रुवारीत संघाच्या सरावाच्या ठरलेल्या वेळा कोणत्या? मुलांचा आणि मुलींचा संघ एकच जागा वापरतात का, आणि चांगली वेळ कुणाला मिळते? सरावाव्यतिरिक्त पोरीला एकटीने सर्व्हिस मारायला जायचं असेल तर दार उघडं असतं का? हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. एनसीएएच्या नियमाने हंगामात संघाचा सराव आठवड्याला 20 तासांच्या आत असतो. खेळ सुधारतो तो त्यावर स्वतःहून केलेल्या तासांत. फ्लोरिडात ते तास फुकट मिळतात, रात्री आठलाही कोर्ट रिकामं सापडतं. उत्तरेत ते कोर्टाच्या किल्लीवर अवलंबून. गेल्या वर्षीचं फेब्रुवारीचं वेळापत्रक पाठवा, असं सरळ म्हणा. चांगली कोच दहा मिनिटांत पाठवेल. जी ‘ते बदलत असतं’ म्हणेल, तिथं सावध.

खेळाच्या दृष्टीनेही थोडा फरक पडतो. इनडोअरला वारा नाही, डोळ्यात ऊन नाही, चेंडू सरळ आणि वेगाने येतो; सर्व्हिस आणि रिटर्न ज्याची पक्की तो वर राहतो. आपल्याकडच्या मुली मातीच्या नाहीतर उघड्या हार्ड कोर्टांवर वाढलेल्या, लांब रॅली खेळणाऱ्या. पहिल्या जानेवारीत त्यांचं गणित चुकतं, दुसऱ्या जानेवारीपर्यंत सर्व्हिस सुधारलेली असते. मग मार्चअखेर बाहेर खेळायला सुरुवात होते तेव्हा उलटी पंचाईत. थंडीत चेंडूच्या आतल्या हवेचा दाब उतरतो, रबर कडक होतं, उसळी मरते, शिवाय वारा. साधारण 50 फॅरनहाइटच्या, म्हणजे 10 सेल्सिअसच्या खाली गेलं की सामने आत हलवतात, पण 11 अंशांतही बोटं काही आपली राहत नाहीत. हे तोट्याचंच आहे असं मी म्हणणार नाही. दोन्ही प्रकारचं टेनिस शिकलेली खेळाडू पुढे जास्त ठिकाणी टिकते. पण पहिलं वर्ष निकालांच्या दृष्टीने वाकडं जाऊ शकतं, हे तुम्ही आईवडिलांनी आधीच मनाशी धरून ठेवा. फोनवर दर सामन्याचा स्कोअर विचारू नका.

आता पैशांचा प्रश्न. ‘बर्फाचा भत्ता’ असा काही नसतो. डिव्हिजन 1 मध्ये परवापरवापर्यंत मुलींच्या टेनिस संघाला जास्तीत जास्त 8 पूर्ण शिष्यवृत्त्या देता यायच्या, मग कॉलेज मायामीत असो की मिनेसोटात. 2025 च्या जूनमध्ये, खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या खटल्यात न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर, ज्या कॉलेजांनी ती व्यवस्था स्वीकारली तिथं शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली आणि संघाच्या आकाराची आली. टेनिसमध्ये 10 जणी. किती पैसे घालायचे ते कॉलेज ठरवणार. आयव्ही लीग (हार्वर्ड-येलचा गट) आणि डिव्हिजन 3 मध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती नसतेच, आणि विल्यम्स, मिडलबरीसारखी डिव्हिजन 3 मधली टेनिसची बलाढ्य कॉलेजं न्यू इंग्लंडच्या बर्फातच आहेत. म्हणजे बर्फ आणि पैसा यांचा सरळ संबंध लागत नाही.

वाकडा संबंध मात्र लागतो. फ्लोरिडा, टेक्सास, कॅलिफोर्नियाकडे खेळाडू आपणहून ओढ घेतात. तिथल्या कोचच्या इनबॉक्समध्ये तुमच्या मुलीसारख्या मुलींच्या व्हिडिओंचा ढीग असतो. उत्तरेतल्या मधल्या फळीच्या कॉलेजांना शोधायला बाहेर पडावं लागतं, आणि म्हणून त्या परदेशी खेळाडूंकडे लवकर वळतात, मेलला उत्तर लवकर देतात, आणि एखादी पोरगी आवडली तर हातात असलेल्या पैशांतला मोठा वाटा तिच्यापुढे ठेवतात. तुमच्या 70 आणि 40 मधल्या फरकाचं थोडं स्पष्टीकरण यात असेल. पण थोडंच. डिव्हिजन 2 च्या संघाकडे मुळातच जास्तीत जास्त 6 शिष्यवृत्त्यांचा निधी असतो आणि तो वाटून द्यायचा असतो. शिवाय टक्के बघून फसू नका. खासगी कॉलेजच्या 70 टक्क्यांनंतर उरलेले 30 हे सरकारी कॉलेजच्या 60 पेक्षा जास्त भरू शकतात. राहणं-जेवण, विमा, उन्हाळी तिकीट धरून दरवर्षी घरातून किती डॉलर जाणार तो आकडा दोन्हीकडून लेखी मागा, आणि शिष्यवृत्ती एका वर्षाची आहे की चार, तेही. जुनं ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’, म्हणजे खेळाडूच्या होकाराचा सहीचा कागद, 2024 मध्ये बंद झालं. आता कॉलेजचा शिष्यवृत्तीचा करार हाच कागद. तो वकिलासारखा वाचा.

फ्लोरिडाच्या बाजूने एक सावधगिरी सांगितली नाही तर मी एकांगी ठरेन. तिथली डिव्हिजन 2, विशेषतः सनशाइन स्टेट कॉन्फरन्स हा तिथल्या कॉलेजांचा गट, टेनिसमध्ये फार तगडी आहे. ऊन सगळ्यांनाच आवडतं, त्यामुळे युरोप, दक्षिण अमेरिकेतून मुली येऊन बसलेल्या असतात. यूटीआर आठला तुमची मुलगी तिथं पहिल्या सहात येईल का, हे आजच्या संघाचे आकडे बघून पडताळा. ते ऑनलाइन सगळ्यांना दिसतात. रोज उन्हात सराव आणि सामन्याच्या दिवशी बाकावर, यापेक्षा पहाटे पाचला उठून चौथ्या क्रमांकावर खेळणं कितीतरी बरं.

भेटीबद्दल. शक्य असेल तर येत्या जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत जा, आणि मधे एक मोकळा दिवस ठेवा, कारण विमान रद्द होणं ही त्या भागातली नित्याची गोष्ट आहे. कोच मंडळींचंही तेच होतं. डिसेंबरमध्ये फ्लोरिडात ऑरेंज बोलसारख्या ज्युनियर स्पर्धा असतात, सगळे रिक्रूटिंगवाले तिथं जमतात, आणि मी दोनदा बफेलोच्या विमानतळावर खुर्चीत रात्र काढून तिसऱ्या फेरीला पोचलोय. हवी ती खेळाडू पहिल्याच फेरीत हरून गेलेली. म्हणून कोच वेळेवर आली नाही, कॉल चुकला, तर लगेच ‘तिला रस नाही’ असं समजू नका. त्या दिवशीचं हवामान बघा.

पण फेब्रुवारीत बारावीच्या नाहीतर अकरावीच्या परीक्षा, व्हिसाच्या मुलाखतीला महिनोन्‌महिने थांबणं आणि तिकिटाचा खर्च हे मला कळतं. भारतातल्या बहुतेक पोरी कॉलेज न बघताच येतात. मग दुसरा मार्ग. कोचला सांगा, फेब्रुवारीतल्या एखाद्या साध्या मंगळवारी व्हिडिओ कॉल करा. ऑफिसात बसून नको. संघातल्या एखाद्या पहिल्या वर्षाच्या मुलीच्या हातात फोन द्या आणि तिला हॉस्टेलच्या दारातून निघून सरावाच्या कोर्टापर्यंत चालत, व्हॅनमधून, जशी जाते तशी जायला सांगा. फोन बंद करायचा नाही. त्या पाऊण तासात तुमच्या मुलीला जे दिसेल ते कुठल्याही माहितीपत्रकात नाही. ती मुलगी मधे काय बोलते, कोचबद्दल कशी बोलते, हसते की नुसती दमलेली आहे, ते बघा. शक्य झाल्यास परदेशातून आलेली मुलगी मागा.

आता तुमची लेक. नाशिकच्या मुलीला थंडीचं मी कौतुक सांगणार नाही. निफाडचा पारा उतरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात ते तुम्ही बघितलेलं आहे. उणे पंधरा हे वेगळं, पण त्याला कपडे असतात. मी बघितलंय, पोरी थंडीने मोडत नाहीत, अंधाराने खचतात. डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो. पहाटे अंधारात सरावाला जायचं, दिवसभर वर्गात, बाहेर यावं तर पुन्हा अंधार. त्यात आई झोपलेली, कारण तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली. जी पोरगी माणसांत रमते, कुणाच्याही खोलीत जाऊन मॅगी खाते, ती हे निभावते. जिला मन शांत करायला एकटीने बाहेर भटकायला लागतं, तिला जड जातं. तुमची कुठली, ते मला कळणार नाही. म्हणून ‘बर्फात पाठवू का’ याचं हो-नाही उत्तर मी देत नाही, आणि जो देईल त्याच्याकडून घेऊ नका.

महाराष्ट्रातल्या नावाजलेल्या खेळाडूंकडे बघून कुणी सांगेल की शहाणे लोक उबदार ठिकाणी जातात. ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमला गेली, पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटला. खरं आहे. पण त्या पातळीच्या खेळाडूला निवड करता येते, आणि ते संघ बघून गेले असणार, थर्मामीटर बघून नव्हे.

थोडक्यात माझा कल. उत्तरेतल्या कॉलेजचं इनडोअर स्वतःचं असेल, कोर्टं सहा असतील आणि सरावाची वेळ दिवसाउजेडी असेल, तर मी तिकडे झुकेन; पैसे आणि संघातली जागा दोन्ही तिकडे बरी दिसतात. इनडोअर भाड्याचं, चार कोर्टांचं, पहाटेचं असेल तर डॉलरचा फरक खरंच मोठा आहे का ते बघून मगच. आणि फ्लोरिडाला उत्तर देताना घाई करू नका. कोच ‘शुक्रवारपर्यंत सांगा’ म्हणतात, मीही म्हणायचो. ‘आम्हाला फेब्रुवारीतला एक सराव बघू द्या, मग सांगतो’ असं कुणी म्हटलं तर मला राग यायचा नाही. उलट त्या घराबद्दल मत चांगलं व्हायचं.

आणि उत्तरेला जायचं ठरलंच, तर जाड कोट नाशिकमध्ये घेऊ नका. दुकानदार ‘काश्मीरला चालतो’ म्हणून देईल आणि तो नोव्हेंबरातच हार मानेल. ऑगस्टमध्ये तिकडे पोचल्यावर संघातल्या मुलींबरोबर जाऊन घ्या; शेवटच्या वर्षाच्या मुली जाताना आपले कोट मागे ठेवून जातात, कदाचित विकत घ्यावाही लागणार नाही. घरून फक्त लोकरीचे पायमोजे द्या, चांगले सहा-सात जोड. बुटात बर्फ शिरतोच.